उणे दोन हजार एकशे चार

फेरो बेटांवर, क्लाक्सव्हीकच्या मासळी-लिलावात
पहाटे चारला रान्व्हा एकटीच असते, आणि हेयिनची स्क्रिप्ट.
सतरा वर्षांची, पर्लमधली. माथ्यावर त्याच्या भाषेतली एक ओळ:
पोरांची वाट बघायला विसरू नका.
हेयिन निवृत्त झाला. फोन केला तर बटाट्यांबद्दल बोलतो.

फोर्क म्हटलं की एकाच ओळीवर दोघी उभ्या राहतात,
तीच आठवण, तीच उघडी फाईल, तोच अर्धवट हिशेब.
फरक इतकाच: आईच्या हाती पोरीचा नंबर पडतो,
पोरीच्या हाती शून्य.
त्यावरून तिने ओळखायचं, की आपण पोर.

कॉडच्या भावाला एक पोर, हॅडॉकला एक,
एक नुसती बर्फाच्या पेट्या मोजायला.
काम उरकतात, संपतात,
तरी यादीतून हलत नाहीत.
त्यांना भुतं म्हणतात. उगाच.
ना छळतात, ना काही खातात,
कुणीतरी विचारावं एवढंच, कसं झालं गं?
की एक आकडा ठेवून निघाल्या.
सोमवारी अशा आठशे साचल्या
आणि नवी जन्माला यायला जागा उरली नाही.

आता वरून हुकूम आलाय: सगळं विंडोजवर.
तिथे फोर्क होतो, पण नाळ तुटत नाही.
थ्रेडच उभा राहतो पोरीचं झबलं घालून
आणि त्याचा नंबर येतो उणे.
उणे दोन हजार एकशे चार.
रान्व्हाने आधी पडदा पुसून बघितला.
आई कोसळली की ही सगळी तिच्याबरोबरच,
पोरकं व्हायलासुद्धा कुणी मागे नाही.
लिनक्सवर निदान एक नंबरची थोरली असते,
कुणाचीही अनाथ पदरात घेणारी.

आज तिने वाट बघण्याची ओळ बदलली.
जुनी दारातच ठाण मांडायची, बोली खोळंबायची.
नवी नुसती डोकावते: झालं? नाही? बरं.

सव्वापाचला ऑर्हूसहून तूरीचा मेसेज.
नुसता एक अंगठा.
कसं झालं गं, रान्व्हाने लिहिलं, खोडलं,
परीक्षा होती की मुलाखत तेच आठवेना,
पुन्हा लिहिलं, पाठवलं.
धक्क्याला पहिली बोट लागत होती.
पेट्या मोजणारी पोर परतली, शून्य घेऊन.
परतताना शून्य म्हणजे सगळं ठीक.
हेयिनने हे सांगितलं तेव्हा
तिने दोनदा विचारलं होतं.