मानशीवरची मोजणी

ओहोटी लागली की मी फळ्या उचलते.
मानस भावाच्या नावावर आहे,
फळ्या माझ्या हातात.
चोडणच्या या टोकाला पहाटे पावणेपाचला
माणसातलं कुणी जागं नसतं.
पलीकडे रायबंदरच्या धक्क्यावर फेरीचा दिवा,
अलीकडे बांधावर हूद.

शहरातले त्यांना पाणमांजर म्हणतात.
मांजर कसलं? मांजर एकटं जेवतं.
ही सात जणं पाण्यात एका रेषेत येतात,
रेष वाकते, कोयता होते,
आणि शेवट्यांचा घोळका तिवराच्या मुळांशी
असा कोंडतो, जसा आमचा इनाशियो जाळ्यात कोंडतो,
फक्त शिव्या न देता.
पुढे म्हातारी. नाकावर जुना ओरखडा.
ती वळली की सगळी वळतात.
तिचा नवरा मागून येतो, उगाच शिट्टी घालतो,
त्याच्याकडे कुणी बघत नाही.

बांधाच्या तिसऱ्या वळणावर त्यांचा ढीग आहे:
खवले, कुर्ल्यांच्या नांग्या, वास.
प्रत्येक जण थांबतो, हुंगतो, आपली भर घालतो.
कोण आलं, कोण आजारी, काल काय खाल्लं,
सगळी हजेरी तिथे.
कोमुनिदादीच्या वहीतही हजेरी असते.
आमच्या वांगडाची तेहतीस नावं,
सगळी मिसरूडवाली.

धारवाडचा वीरेश गेल्या वर्षी आला,
कांदळाच्या खोडाला कॅमेरा बांधून गेला.
महिन्याने पडद्यावर दाखवलं:
ही बघा, दोन वर्षांची मादी, घर सोडून गेलेली नाही.
मासा धरते, अर्धमेला करते,
पिल्लांपुढे सोडते, सुटला की पुन्हा धरून देते.
स्वतःची पिल्लं नाहीत हिला.
आम्ही अशांना मदतनीस म्हणतो.
म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं,
आणि घाईने पडद्याकडे.

का राहते ती? मी विचारलं.
त्याने बोटं मोजली.
रिकामी खाडी उरलेली नाही जायला.
भावंडांत रक्त निम्मं आपलंच.
शिवाय शिकता येतं, पुढे उपयोगी पडतं.
मी म्हटलं, आणि तिला आवडत असेल तर?
तो हसला.
ते काही त्याने लिहून घेतलं नाही.

पुंडलीकला मी तळीत पोहायला शिकवलं,
पोटाखाली एक हात, मग दोन बोटं, मग काहीच नाही.
आता तो बोटीवर असतो, नॉर्वेच्या बाजूला कुठेतरी.
फोनवर म्हणतो, आत्ये, इथलं पाणी काळं आहे.
गेल्या आयतवारी वहीत त्याचं नाव चढलं.
सही भावाने केली.
पेढे मी वाटले.

माघात कुत्र्यांची टोळी बांधावर आली.
दुसऱ्या पहाटे मोजले: सहा.
पुन्हा मोजले, उलट्या बाजूने.
म्हातारी वळणावर मागच्या पायांवर उभी राहिली
आणि खाडीकडे तोंड करून हाका मारत होती,
भरती वर चढेपर्यंत.
चार रात्री असंच.
पाचव्या रात्री थोरल्या बोक्याने मासा धरला,
पिल्लांपुढे नेला,
पण डोकंच चावून टाकलं त्याने.
मेलेला मासा. पिल्लं हुंगून बाजूला झाली.
त्याने दुसरा धरला. तोही मेला.
तिसरा घ्यायला मासाच नव्हता,
सगळे माझ्या जाळ्यात येऊन बसले होते.

मी जाळ्याची एक बाजू सोडली.
फार नाही, हातभर.
शेवटे चमकत गेले तिवराकडे,
काळोखात काहीतरी खळबळलं,
एक पिल्लू किंचाळलं, भीतीने की आनंदाने
ते मला अजून ओळखता येत नाही.
मग पाणी फिरलं, फळ्या घातल्या,
वाशाला पाठ टेकून बसले.

भाऊ सातला उठतो.
पाटल्यातलं बघून विचारतो, एवढंच?
एवढंच, म्हणते.
अष्टमीचं पाणी रे,
त्यात जोर नसतो.