उरवाई उतरताना

लिव्हर येऊन मुठीला टेकलं
आणि पुढे काहीच झालं नाही.

उरवाईचं तिसरं वळण. कड्यात कोरलेले तीर्थंकर,
हात सरळ मांड्यांशी सोडलेले,
शतकानुशतकं जागचे न हललेले,
आणि त्यांच्या पुढून मी,
बुटाचा तळ घासत, शेंगदाणेवाल्याची टोपली चुकवत,
थेट कडेच्या वाळूत.
कोपर सोलवटलं. लाज त्याहून जास्त वाटली.

दौलतगंजात लोकेंद्रनं चाक फिरवलं, ब्रेक दाबला,
म्हणाला, "दीदी, चलती तो ठीक है,
रुकना इसके बस का नहीं."
मग काचेखालून काढले चार पिस्टनचे कॅलिपर,
बशीएवढ्या दोन चकत्या, काळ्या नळ्यांची वेटोळी.
साडेनऊ हजार. बसवायचे वेगळे.
सायकल एकवीस हजारांची, तीही हप्त्यांवर.

"म्हणजे जवळजवळ अर्धी सायकल," अण्णा म्हणाले,
"नुसती थांबायला?"

आमच्या घरी थांबण्यावर कुणी कधी पैसा घातला नाही.
बिर्लानगरची गिरणी थांबली ती फुकटात,
एका मंगळवारी, फाटकाला कुलूप लावून.
मी पहिलीत होते. अण्णांचा डबा
भरलेला परत आला, एवढंच आठवतं,
आणि त्यातली भेंडी मला मिळाली.

बसवणावळ वाचावी म्हणून खोकं घरी आणलं.
गच्चीवर सायकल उलटीसुलटी केली.
अण्णा मोढ्यावर, म्हणायला पेपर वाचत.
नळी कापली, पितळी कडी चढवली,
लिव्हरच्या डोक्यावर पेला लावला
आणि खालून सिरिंजनं तेल ढकललं,
लालसर, खोकल्याच्या औषधासारखं.
बुडबुडे आले, आले, मग यायचे थांबले.
झालं, म्हटलं.
दाबून पाहिलं तर चहात बुडवलेला टोस्ट.

"हवा आहे," पेपराआडून आलं.
"तेल दबत नाही, हवा दबते.
सगळं स्वतःवर घेते, पुढे पोचूच देत नाही."

गिरणीत गाठी दाबायच्या प्रेसवर होते ते, बारा वर्षं.
मला वाटायचं, हजेरी घेत असतील.

उठले. स्क्रूड्रायव्हर उलटा धरला
आणि मुठीनं नळीवर टकटक करत निघाले,
डॉक्टर पाठ तपासतात तसे, कान लावून.
"हँडल उचल. अजून. हवेला वरचीच वाट ठाऊक असते."
बराच वेळ काही नाही.
मी पान्याकडे हात नेला. "थांब," म्हणाले.
मग मोहरीएवढा एक आला.
त्याच्यामागून, उशिरानं, त्याचा भाऊ.

आता दाबलं. एका बोटाला दगड लागला.

नव्या पॅडची चकतीशी ओळख व्हावी लागते:
वेग घ्यायचा, दाबायचं, पुरतं थांबायचं नाही,
असं वीसदा. मेळ्याचं मैदान उन्हाळ्यात ओसाड,
पाळण्यांच्या खांबांचे खड्डे, दुकानांची बंद शटरं.
अण्णा मोपेडवर बसून मोठ्यांदा मोजत.
चौथ्या खेपेपर्यंत नुसतं घसरलं.
सातव्याला चावा आला, अकराव्याला जळका वास.
सोळानंतर आकडाच ऐकू येईना.
वळून पाहिलं, तर ते मोपेडचा ब्रेक
दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते,
गाडी स्टँडवर.

पहाटे उरवाई. उतरले एका बोटावर.
तिसऱ्या वळणाला थांबले.
गरज नव्हती, रस्ता मोकळा होता,
शेंगदाणेवाला अजून यायचा होता.
बाटलीतला थेंब चकतीवर टाकला. चर्र.
वर ते उभे, तोंडं फोडलेली, हात सरळ.

फोन वाजला. "खाली पोचलीस?"
"नाही. मध्येच थांबलेय."
"का गं?"
"थांबता येतंय म्हणून."
पलीकडे थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज.
मग म्हणाले,
"मागचाही दाबून बघ."