पाहिजेत

"पाहिजेत" एवढं लिहून मी थांबले.
हवा होता एकच माणूस, पण अनेकवचन
बरं दिसतं, दुकान मोठं वाटतं.
डिचोलीच्या बसस्टँडवर, पेट्रोलपंपावर,
आयटीआयच्या फाटकाशी, फुटबॉल शिबिराच्या शेजारी
कागद चिकटवले:
वजनकाटे दुरुस्तीसाठी. अनुभव असल्यास उत्तम.
पगार योग्यतेनुसार,
कारण आकडा लिहायची लाज वाटली.

पहिला मयेचा, इंजिनिअर.
वीज खात्याचं पत्र येईपर्यंत
इथे बसतो म्हणाला.
बसतो. हेच क्रियापद.

एल्टन फुर्तादोने डाग असा दिला
की बाबा असते तर त्यांनी चहा मागवला असता.
पण त्याचे कागद लिस्बनला पोचलेत,
जीव त्याच्याही आधी.
"मे महिन्यापर्यंत आहे, बाय."
खरं बोलला, म्हणून राग आला नाही.

एकाची आई आली.
मुलगा बाहेर स्कूटरवर, हेल्मेटसुद्धा न काढता.
आईला बरंच काही येत होतं.
तिलाच ठेवावं, असं क्षणभर वाटलं.

मग मेघश्याम गांवस, वय त्रेपन्न.
खाणीच्या वजनपुलावर एकवीस वर्षं.
ट्रक चढायच्या आधी टायर बघून
टन सांगायचा म्हणे, शंभर किलो इकडेतिकडे.
खाण बंद पडल्यापासून
माणसांकडेही तसाच बघतो.
माझ्याकडे बघितलं आणि मी पोट आत घेतलं.
पण दहा ग्रॅमचं वजन चिमट्यात धरताना
त्याचा हात कापला.
दोघांनीही ते पाहिलं.
मग आम्ही उकाड्याबद्दल बोललो.

परीक्षा एकच, बाबांच्या वेळची.
टेबलावर काटा, काट्यावर शिक्क्याचं किलोचं वजन,
आकडा नऊशे अठ्ठ्याण्णव.
दोष शोध.
सगळे काटा उघडतात.
दोष काट्यात नसतो. टेबलाच्या मागच्या पायाखाली
फरशीचा तुकडा असतो, मीच सरकवलेला.

रेश्मिता वायंगणकर, पिळगावहून,
तिने स्क्रूड्रायव्हर उचललाच नाही.
वाकली, एक डोळा मिटून
टेबलाची कड बघितली.
"आई मासळी विकते," म्हणाली.
"बाजारातली फरशी उतरती. आम्ही रोज
काट्याखाली पुठ्ठा घालतो."

मी खुर्ची पुढे केली. कधीपासून येतेस?
"थांबा," म्हणाली, आणि वही काढली.
वहीत प्रश्न होते, आकडे टाकून.
योग्यतेनुसार म्हणजे किती?
भविष्य निधी भरता का?
शनिवारी किती वाजेपर्यंत?
परवाना तुमच्या नावावर,
मग सहा वर्षांनी मी कोण?
आणि पाचवा, आवाज न बदलता:
संडास कुठे आहे?

एकोणीस वर्षं मी शेजारच्या शिंप्याकडे जाते,
किल्ली मागून, तो जेवायला उठायच्या आत.
पाणी बेतानेच पिते.
बाबांना कधी प्रश्न पडला नाही,
ते मागच्या पोफळींत जायचे.
तिला हे सांगताना
मलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं.

ती हसली नाही. वही मिटली.
"कळवा," म्हणाली.
एरवी हे मी म्हणते.

संध्याकाळी पायाखालचा तुकडा काढला.
काट्याने मुकाट हजार दाखवलं.
गवंड्याला फोन लावला, तर तोच म्हणतो,
हाताखाली माणूस नाही गो बाय,
तुझ्याकडे कोण येतात त्यांतला एखादा
माझ्याकडे पाठव.

नवा कागद घेतला.
सवयीने "पाहिजेत" लिहिलं, मग त खोडला.
पगाराचा आकडा लिहिला, बघत बसले,
त्यात दोन हजार घातले.
तरी कमीच दिसत होता.
आणि खाली, अक्षर जरा बारीक:
संडासाचं काम चालू आहे.

ते अजून खोटं होतं.
गवंडी बुधवारी येतो म्हणालाय.