डावी बाजू

रस-ऑमलेटच्या गाड्यापाशी
रोज रात्री बशीत संघ निवडला जातो.
कांद्याच्या चकत्या म्हणजे बचावफळी,
लिंबाची फोड गोलरक्षक.
शाणू म्हणतो, मागे पाच हवेत.
कुस्तोद म्हणतो, आणि पुढे कोण, तुझा मामा?

डावीकडे कुणी काहीच ठेवत नाही.

तिथे इनास होता.
पहाटे सायकलवरून पाव टाकायचा,
संध्याकाळी त्याच पायांनी
शिरोड्याच्या मैदानाची चुन्याची रेघ
पुसत पुसत धावायचा.
समितीनं त्याला वास्कोच्या क्लबाला दिला.
बदल्यात बत्तीस वर्षांचा एक स्ट्रायकर,
गुडघ्याला पट्टा,
आणि गवत कापायचं यंत्र.

"यंत्र तरी धावतं," शाणू म्हणतो.
गाडेवालासुद्धा हसतो.
"विकणाऱ्यांचे हात झडोत," कुस्तोद म्हणतो,
आणि मी मान हलवतो,
पावानं बशीतला रस पुसून घेतो,
लिंबाची फोड तेवढी बाजूला सारून.

पाच विरुद्ध चार झालं होतं.
ठरावाच्या वहीत नावं लिहीत नाहीत,
नुसते आकडे.
मला वाटलं होतं, पोराचं भलं होईल.
गवतही फार वाढलं होतं, हे खरं.

वास्कोत तो बाकावरच असतो म्हणे.

सकाळी भोंगा वाजतो, तोच.
सायकलही तीच, फक्त वर
त्याचा बाप, चढणीला उतरून ढकलणारा.
मी दोन उंडे जास्त घेतो.
घरात खाणारा मी एकटा.