ओब्ब मग

सिव्हिलच्या कार्डावर सगळं कन्नडमध्ये.
नाव, वय, ऊर. ऊर म्हणजे गाव, तेवढं येतं मला.
वडगाव, बाजार गल्ली, वरच्या अंगाला.
नर्स बागलकोटकडची, कोवळी पोरगी,
मान वर न करता विचारते,
‘मक्कळु एष्टु?’
मुलं किती.

द्वारका माझ्याकडं बघते.
मी पंख्याकडं.

तीस वर्षं मी उद्यमबागेत फौंड्रीत काढली.
साचा फोडायचा, वाळू झाडायची, नग मोजायचे.
मोजणीत कधी चुकलो नाही,
शेठनं एका दिवाळीला स्टीलचा डबा दिला त्यासाठी.
ह्या एका प्रश्नाला मात्र
कुठला आकडा सांगावा कळत नाही.
एक म्हटलं तर ती विचारणार, काय करतो.
शून्य म्हटलं तर
नऊ महिने, अधिक तेवीस वर्षं
तो होता कुठं?

दंडाला पट्टा बांधला, फुगवला.
तिसरीत असताना हर्षल असाच धरायचा दंड,
जत्रेत, पाळण्याच्या रांगेत,
दोन्ही हातांनी, बोटं रुतेपर्यंत.
मग हवा सुटते.
‘एकशे ऐंशी. अज्जा, उप्पु कम्मी माड्री.’
मीठ कमी, कळलं.
पण अज्जा?
बाप असल्याचं अजून धड सोडवेना,
आणि हिनं मला आजा करून टाकलं.

द्वारकाला साखर नव्हती आधी.
तेराव्यानंतर दोन महिन्यांत आली,
पाव्हणी यावी आणि पिशवी खुंटीला टांगून बसावी तशी.
दात गेले दोन. वजन अकरा किलो.
झोपेचं विचारू नका.
गल्लीत रात्रभर माग चालतात,
त्या खटखटीत झोपायची सवय आम्हाला.
आता लाइट जाऊन माग थांबले
की दोघंही दचकून उठतो:
आली काय गे मोटारसायकल?
मग ती उठतेच. अंधारात पीठ मळते, तिघांचं.
तिसरी भाकरी सकाळी
शेडवरच्या म्हादूला.
तो आता विचारत नाही.

डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका.
घेतलं कुणी?
तिसऱ्या गेटाच्या वळणावरून
एका पांढऱ्या गाडीनं आणून टाकलं दारात.

मी गोळ्या चुकवायचो. मुद्दाम.
फरशीच्या फटीत सारायचो, पांढऱ्या, बारक्या.
द्वारकाला सापडल्या. ओरडली नाही.
ताट घासता घासता म्हणाली,
‘त्याच्या डाव्या कानामागं तीळ होता.’
मी म्हटलं, ‘उजव्या.’
‘डाव्या.’
‘उजव्या गे, मी न्हाव्याकडं न्यायचो त्याला.’
‘मी न्हाऊ घालायची.’
ट्रंकेतले सगळे फोटो काढले.
एकातही कानामागचं दिसत नाही.
वाद मिटला नाही.
पण त्या रात्री दोघांनी
एकमेकांच्या तोंडाकडं बघत गोळ्या गिळल्या.
एक गेलं
तर दुसरं म्हणेल तेच खरं होऊन बसेल.

परवा पुन्हा तेच बाकडं. कार्ड नवं, पोरगी दुसरी.
‘मक्कळु एष्टु?’
द्वारकाचं कन्नड बाजारातलं,
मेथी-कोथिंबिरीच्या पेंडीपुरतं.
‘ओब्ब मग,’ ती म्हणाली.
एक मुलगा.
पुढं इद्दाने लावलं तर आहे,
इद्द लावलं तर होता.
दोन्ही येत असावेत तिला, इतकी वर्षं इथंच गेली.
तिनं काहीच लावलं नाही.
पोरीनं रकान्यात एक लिहिला,
पट्टा उचलला,
मी बाही वर केली.