फाटकाचा सूर

आमच्या शाळेत पियानो नाही. होता म्हणतात, मिशनच्या काळी;
पुढे त्याच्या फळ्यांचं कोंबड्यांचं खुराडं झालं.
माझा सूरकाटा होता, तो गेल्या वर्षी हरवला
कोमानीच्या टॅक्सीत, पिशवीसकट.
तेव्हापासून सूर घेते फाटकावरून:
डावीकडून तिसरा गज, दगडाने एकदाच हाणायचा.
थंडीत तो किंचित चढतो. मला ठाऊक आहे, पोरांनाही.
जूनमधल्या सकाळी लुथांदो म्हणतो,
"मिस, आज फाटक कुडकुडतंय."

गाण्याचा कागद एकच. बत्तीस जण फळ्यावरून
डो, मी, सो वहीत उतरवतात,
दरवर्षी कुणीतरी एक टिंब गाळतं
आणि टिंब गाळलेलं गाणंच वर्षभर गायलं जातं.
मी गाणं शिकवते म्हणतात. खरं तर बराच वेळ
नुसतं उभं राहायला शिकवते.
गुडघे सैल. नोमाफुसी, हनुवटी खाली,
तुला भिंतीपलीकडे बघायचं नाहीये.
आणि पाव आधी, सूर नंतर. हा नियम माझा,
हेडमास्तरांना न विचारता केलेला.

सिबाबाल्वे माझा सगळ्यात उंच आवाज.
स्पर्धेला आठवडा असताना, मंगळवारी,
वरच्या ला-वर चढता चढता
पायरी निसटावी तसा खाली आला.
पोरं हसली.
मीही हसले.

तीन दिवस तो आला नाही.
मी घरी गेले. बहीण दारात कपडे पिळत होती,
एकेकाळी माझ्याच दुसऱ्या रांगेत उभी राहायची.
"शेळ्यांकडे आहे," म्हणाली, आणि वर बघितलं नाही.
टेकडी अर्धी चढले, तोच ऐकू आलं:
शेळ्यांना हाका मारत होता. एकच हाक,
जाड, मग आणखी जाड, मग मधेच चिरलेली,
पुन्हा पहिल्यापासून.
नवं हत्यार कुणी नसताना परजून बघावं तसं.
शेळ्या चरत राहिल्या. मी कोरफडीआड थांबले,
माफी मागायची होती,
पण त्या हाकेत माझ्यासाठी जागा नव्हती. उतरले.

शुक्रवारी तो मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला,
मोठ्या मुलांत, कुणाला न विचारता.
मी मुद्दाम वहीत बघत राहिले.

स्पर्धेच्या हॉलमध्ये काळाभोर, पुसलेला पियानो होता.
एका बाईंनी नम्रपणे एक स्वर वाजवून दिला.
मी हात उचलला,
आणि बत्तीस जण एकदम फाटकावर गेले.
हात हवेत तसाच राहिला क्षणभर.
आता थांबवायचं तरी कसं? थांबवायचं तरी का?

सहा शाळांत चौथे आलो.
परीक्षकांनी लिहिलं होतं: सुरुवात चढ्या सुरात,
पण सगळ्यांची एकाच.
परतीच्या बसमध्ये मी ते मोठ्याने वाचलं.
"चढा नाही, मिस," मागच्या सीटवरून तो जाड आवाज,
"जूनचा."

पुलाच्या अलीकडे बस बंद पडली.
ढकलायला सगळे उतरलो, काळोखात, गारठ्यात,
बूट काढून हातात घेतलेले,
कारण बूट दुसऱ्या शाळेचे होते.