एक जून

‘दिनविशेष’ एवढं तिरपं लिहून
भादुजी नंदनवार थांबतात.
तांडापेठेतलं वाचनालय, नवतपा सरायचा आहे अजून,
कूलरच्या टाकीत पाणी नाही,
खडू घामानं मऊ.

१९४८ : एसटीची पहिली बस, पुणे ते अहमदनगर.
जागतिक दूध दिन.
(कोपऱ्यातून कोणी म्हणतं, आमचं तं सकाळीच नासलं बाप्पा.)
मग जन्म :
दोन नट्या. एक इथली, एक तिकडची.

खाली वीतभर फळा उरतो.
चाळीस वर्षं मागावर बसलेल्या माणसाला
रिकामी जागा म्हणजे सुटलेलं सूत.

ते लिहितात : गोविंदा हेडाऊ.
देवका, आमची बायको.
पाचपावलीच्या शाळेतले एका तासात अकरा,
हेडमास्तरांनी एकाच दौतीतून
जन्माला घातलेले.
अकरांतले चार आता नाहीत,
त्यांच्याही पुढे एक जूनच.

आई सांगायची,
पिवळी मारबत निघाली होती जगनाथ बुधवारीतून,
लोकं बोंबलत होते,
खोकला घेऊन जाय, रोगराई घेऊन जाय,
अन् सारे न्यायचं बोलत असताना
तू आला.

तो दिवस दर वर्षी जागा बदलतो,
कधी ऑगस्टात, कधी सप्टेंबरात,
फळ्यावर धरून ठेवता येत नाही.

शेवटी स्वतःचं नाव लिहिताना
हात जरा अडतो.
तारीख मास्तरांची.
भादू मात्र
आईनं ठेवलेलं.